चोवीस पेट्या, चेंबर सहा

“कॉम्प्युटर म्हणतोय तीन नंबरात, आन् पेट्या निघत्यात आठात. कंबर मोडती आमची. आन् दुरुस्तीला आणलंय कोण, तर ही बाई! म्हातारी गाडी, म्हातारा डायवर.”

प्लायवूडच्या पलीकडं कोणीतरी बशीतला चहा ओढला आणि दुसरं कोणीतरी खुदकन हसलं. अलीकडं मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. प्रोग्राम एकवीस वर्षांचा, मी अठ्ठेचाळीसची. यातली गाडी कोण आणि डायवर कोण, ते ठरवेपर्यंत आतून हाक आली.

तासगावातलं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज होतं ते. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत चार डिग्रीतली दहा चेंबर. बागायतदारांच्या पेट्या तिथं थप्पीला लागून सौद्याच्या दिवसाची वाट बघायच्या. कोणाच्या पेट्या कुठल्या चेंबरमध्ये आहेत हे सांगणारा प्रोग्राम मी लिहिलेला होता, १९९६ साली, फॉक्सप्रोमध्ये. कॉलेजात शिकून नव्हे. सांगलीला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तिथल्या मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. एवढंच माझं शिक्षण. पुढं सासूबाईंना अर्धांगवायू झाला, मग मुलाची दहावी, मग बारावी, आणि बायोडेटात तेरा वर्षांचं असं भोक पडलं की त्यातून बैलगाडी जावी.

पुण्याच्या एका कंपनीला जुने प्रोग्राम समजणारी माणसं कंत्राटावर हवी होती. तिथली केतकी, माझ्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, फोनवर म्हणाली होती, “मॅम, क्लाउड वगैरे काही केलंय का?”

“नाही.”

“पण फॉक्सप्रो येतं?”

“विसरायला वेळ मिळाला नाही.”

ती हसली. “मग हे एक काम ट्रायल म्हणून करा. शनिवारपर्यंत फॉल्ट सापडला तर अशी आणखी सात ठिकाणं आहेत माझ्याकडे. नाही सापडला, तर… बघू.”

त्या ‘बघू’चा अर्थ मला कळत होता. स्थळाकडच्यांच्या ‘कळवतो’चा असतो तोच.

आत, नव्या कोऱ्या काचेच्या केबिनमध्ये, मालकांचा मुलगा संग्रामसिंह बसला होता. पस्तिशीचा, घाईतला, पण मॅडम म्हणून उठून उभा राहणारा.

“मॅडम, दोन दुखणी आहेत. एक म्हणजे प्रोग्राम चेंबर चुकवतोय. परवा सौद्याला एका पार्टीचा हिरवा माल काढायचा होता, बाहेर आला दुसऱ्याचाच काळा. चारचौघांत हसं झालं. आणि दुसरं…” त्यानं आवाज खाली आणला. “चोवीस पेट्या गायब आहेत. कॉम्प्युटर म्हणतो, खातेदार नंबर एकशे अठरा, चोवीस पेट्या, चेंबर सहा. सहात नाहीत. कुठंच नाहीत.”

“एकशे अठरा नंबरवाले काय म्हणतात?”

“तीच तर गंमत. कवठेमहांकाळचे रिटायर्ड गुरुजी आहेत ते. मी स्वतः फोन केला. म्हणाले, त्या दिवशी मी पेट्या आणल्याच नाहीत, तर मागू कशाला?”

चोरी झाली की मालक ओरडतो, एवढं मला ठाऊक होतं. इथं मालकच म्हणत होता, माझ्या नव्हत्याच.

“हमालांवर माझा संशय नाही,” संग्रामसिंह म्हणाला. म्हणजे होता. “पण एक तर प्रोग्राम चुकतोय, नाहीतर माणूस. शनिवारी मला सांगा. जे चुकत असेल ते बदलून टाकतो.”

केबिनच्या दुसऱ्या कोपऱ्यात, माझ्या प्रोग्रामपुढं, जोतीराम माळी बसला होता. मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा टाइप करायला लागला. मी मनातून खट्टू झाले. इतकी का बदलले मी?

“जोतीभाऊ,” म्हटलं.

तो ताडकन उठला. “बाई! आवाज तस्साच की हो तुमचा!”

मी पहिल्यांदा इथं आले तेव्हा हा गेटवर बसायचा, दहावी पास. कॉम्प्युटरला कोणीच हात लावेना तेव्हा थोरल्या मालकांनी, संग्रामसिंहच्या आबांनी, यालाच पुढं ढकललं. मी त्याला टायपिंग शिकवलं, इन्स्टिट्यूटच्या पद्धतीनं. बोटांवर रुमाल टाकायचा आणि म्हणायचं, बघायचं नाही, बोटांना कळू दे. तेव्हापासून तो मला बाई म्हणतो. आता बघितलं तर त्याची बोटं कीबोर्डवर पावसासारखी पडत होती आणि हा पठ्ठ्या ना कीबोर्डकडं बघत होता, ना स्क्रीनकडं. नजर सरळ समोर, गेटकडं. मला इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

“बाई, तुमचा प्रोग्राम म्हंजे सोनं हो,” आपल्यातलाच बिनसाखरेचा चहा माझ्यापुढं सरकवत तो म्हणाला. “पन सोनं बी झिजतंयच की कवातरी.”

“काय झिजलंय, ते तरी सांगा.”

“ते आता तुमी बघायचं. मी काय, आंगठाबहाद्दर.”

मी बघायला लागले. तेरा वर्षांनी आपलंच लिहिलेलं वाचणं म्हणजे लग्नाआधीची डायरी वाचण्यासारखं असतं. काही ओळींना मी दाद दिली, काहींना लाजले. एका जागी, रोमन लिपीत, माझीच मराठी सूचना होती : इथं हात लावू नये. का लावू नये, ते लिहिलेलं नव्हतं. मी लावला नाही.

पण दुसऱ्या जागी कोणीतरी हात लावला होता. मी निळ्यावर पांढरी अक्षरं ठेवली होती, ती आता काळ्यावर पिवळी झाली होती आणि दुप्पट मोठी. शिवाय एक रकाना भरून झाला की मशीन टुंग करायचं. खातेदार नंबर, टुंग. पेट्या, टुंग. चेंबर, टुंग टुंग.

“हे कोणी केलं?”

“मीच. आवाज कसा काढायचा, तुमीच शिकवलं हुतं.”

“पण कशाला?”

“गंमत, बाई. दिसभर येकटाच बसतोय. तेवढीच सोबत.”

मला त्यात काही चूक दिसेना. मंगळवारी मी तीनशे खोट्या नोंदी घालून बघितल्या. तीनशेच्या तीनशे बरोबर निघाल्या. माझा प्रोग्राम माझ्या हाताखाली शहाण्यासारखा वागत होता आणि मी सांगलीची एसटी पकडली की वेड्यासारखा.

बुधवारी मला साक्षात्कार झाला. चुकलेल्या नोंदींची यादी काढली तर बहुतेक ठिकाणी चाराचे आठ झालेले. आवक चिठ्ठ्या लिहायची ती अश्विनी, गेटजवळच्या टेबलावर बसणारी गोड पोरगी, आणि ती आकडे लिहायची मराठीत. मराठी चार आणि इंग्रजी आठ म्हणजे जुळे भाऊ, घाईत भल्याभल्यांची गफलत होते. मी टेबलावर थाप मारली.

“अश्विनी, उद्यापासून फक्त इंग्रजी आकडे लिहायचे.”

“बरं, ताई,” ती म्हणाली. पण तिला सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं नाही. उलट तिनं जोतीरामकडं बघितलं आणि चटकन मान खाली घातली. मला वाटलं, चूक आपल्यावर आली म्हणून कानकोंडी झाली असेल. केतकीला फोन करून मी सांगूनही टाकलं, सापडलं.

गुरुवारी इंग्रजी आकड्यांत अकरा चिठ्ठ्या आल्या. तीन चुकल्या. तीनाचा आठ, आठाचा सहा, आणि एका ठिकाणी तर एकाचा सात.

“मॅम, म्हणजे रूट कॉज मिळालं की नाही?”

“मिळालं होतं,” मी म्हणाले. “परत गेलं.”

मग मी तारखा लावून बघितल्या. एकवीस वर्षांत मिळून चुका दहा-बारा. आणि यंदाच्या सहा मार्चपासून रोज दोन-तीन. सहा मार्चच्या आधी शुकशुकाट.

“सहा मार्चला काय झालं होतं?” मी संग्रामसिंहला विचारलं.

“काही नाही. या केबिनचं उद्घाटन झालं.”

अश्विनीला विचारलं, तर तिची बस चुकत होती. दुपारचे तीन वाजले होते आणि तिची बस साडेपाचला होती. शेवटी हमालांचा मुकादम इलाही मुल्ला, त्याला गाठलं. पन्नाशीचा, आडवा माणूस. ‘म्हातारी गाडी’वाला आवाज त्याचाच, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

“काय झालं म्हंजे? काच झाली,” तो म्हणाला. “आदी गाडी आली की चिठ्ठी घिऊन मी आत जायचो आन् पुकारायचो. खातेदार अमुक, पेट्या तमुक, चेंबर अमकं. जोती बडवायचा. आता हमालांनी आत पाय ठिवायचा न्हाई, धूळ येती म्हणं. काचंला ही फट ठेवलीया, त्यातनं चिठ्ठी सरकवायची आन् फुटायचं.”

“अच्छा, म्हणजे पुकारा बंद झाला.”

“बंद झाला.” तो माझ्याकडं बघत राहिला, गणिताचे मास्तर उत्तराजवळ आलेल्या ढ मुलाकडं बघतात तसा. मी वहीत लिहिलं : पुकारा बंद, केबिन, एसी. एसीखाली रेघ मारली. म्हटलं, एसी व्होल्टेज खात असणार! मग तासभर मी त्या मशीनचा स्टॅबिलायझर तपासत बसले. या गोष्टीला आता आठ वर्षं होत आली, पण तो तासभर आठवला की अजून माझे कान गरम होतात. यंत्रावर भरवसा ठेवणारं माणूस किती आंधळं असू शकतं याला मर्यादा नाही.

शुक्रवारी दुपारी करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी कागदाच्या फायली काढल्या. अठ्ठावीस मार्च. एकशे अठरा, चोवीस, सहा. ज्या नोंदीला पेट्या नाहीत त्या नोंदीला चिठ्ठी तरी आहे का, हे कोणीच बघितलं नव्हतं. संग्रामसिंहनं पेट्या शोधल्या होत्या, कागद नाही.

चिठ्ठी होती. आपल्या जागी, भोक पाडून, दोऱ्यात ओवलेली. पिवळट कागद, आमच्या आवक चिठ्ठीच्याच मापाचा, कारण दोन्ही एकाच छापखान्यातून यायचे. त्यावर लिहिलेलं होतं :

बिल नं. ११८. चहा २४. भजी ६.

चहावाल्यानं फटीतून सरकवलेलं बिल! मी मोठ्यानं हसले. आख्खं कोल्ड स्टोअरेज तीन आठवडे चोवीस कप चहा शोधत होतं! सहा नंबर चेंबरमध्ये, चार डिग्रीला! हमालांच्या पिशव्या तपासल्या, गुरुजींना फोन केले, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, माझ्या नव्हत्याच.

हसता हसता मी कागद जवळ घेतला. वर, मधोमध, लाल शाईत किटलीचं चित्र छापलेलं होतं. बोटभर उंच, वाफेसकट.

त्या किटलीकडं मी बराच वेळ बघत बसले. मग वहीत ‘पुकारा बंद’ लिहिलं होतं त्याकडं बघितलं. मग काचेपलीकडं जोतीरामकडं. तो नेहमीसारखा गेटकडं तोंड करून बसला होता. गेटमधून एक ट्रॅक्टर आत येत होता. त्याचा आवाज आल्यावर त्यानं मान वळवली.

“ताई, ती फाइल…” अश्विनी मागं येऊन उभी होती.

कागदावर ‘एंट्री झाली’चा शिक्का होता, आणि खाली तिची सही.

“शिक्का तू मारलास?”

“हो.”

“किटली दिसली होती तुला?”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “जोतीकाकांनी लावलंय मला इथं,” ती म्हणाली. “रिटायर व्हायला दोनच सीझन राहिलेत त्यांचे, ताई.”

मी तो कागद दोऱ्यातून काढला आणि पर्समध्ये ठेवला. 

वजनकाट्याजवळ इलाही विडी विझवत होता. माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळलं.

“सापडलं जणू.”

“सापडलं.”

“मग आता?”

“तुम्हीच सांगा. तुम्हा सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं ना?”

“आमाला काय म्हाईत असणार? आमी पेट्या उचलतो.” तो खाली बघून बोलत होता. “हे बगा बाई, येक इनंती हाय. प्रोग्रामचंच सांगा. त्येला काय बायकापोरं न्हाईत. त्येला काढला तर तो काय घरी जाऊन भिताडाकडं बघत बसणार न्हाई.”

“आणि माझं, इलाहीभाई? तेरा वर्षांनी पहिलं काम मिळालंय. प्रोग्राम चुकला म्हणजे मी चुकले. पुढची सात ठिकाणं गेली.”

तो नखानं काट्याचा रंग खरवडत बसला.

“व्हय,” तो म्हणाला. “ते बी हाय.” मग, “ती म्हातारी गाडी का काय म्हनलो हुतो, ते ऐकलासा व्हय?”

“ऐकलं.”

“गाडी बरी हाय तशी,” इलाही म्हणाला आणि उठून गेला.

त्या संध्याकाळी एसटीत, घरी कणीक मळताना आणि नवरा ‘काय, जमलं का?’ विचारत असताना, मी दोन्ही बाजूंनी भांडत होते. खरं बोललं तर चुकलं काय? चुकीचा माल बाहेर जातो, गरीब हमालांवर आळ येतो. आणि माझा प्रोग्राम निर्दोष आहे! हे सिद्ध करायलाच तर मी गेले होते, आणि आता ते सिद्ध झालं होतं. पर्समध्ये चहाचं बिल होतं. एवढा पक्का पुरावा आयुष्यात मला कधी मिळाला नव्हता आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, “जमलं. म्हणूनच तर.” त्याला काही समजलं नाही. मला तरी कुठं समजलं होतं?

शनिवारी अकराला सगळे केबिनमध्ये जमले. संग्रामसिंह खुर्चीत, टेबलावर फोन आणि फोनमध्ये केतकी. अश्विनी कपाटाला टेकून. जोतीराम आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. इलाहीला आत यायची बंदी, तो बाहेरून फटीशी वाकलेला. मी खिडकीजवळ.

“हं, मॅडम. प्रोग्राम की माणूस?”

पर्सची चेन मी अर्धी उघडली होती. जोतीराम सरळ समोर बघत होता, त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त खुर्चीवरची बोटं हलत होती, टाइप करत असल्यासारखी.

“प्रोग्राम,” मी म्हणाले.

“कन्फर्म, मॅम?” केतकी.

“कन्फर्म. तेव्हा मी शिकाऊ होते, घाईत लिहिला. आता डेटा वाढला तसा तो आकडे फिरवतोय.”

“आणि त्या चोवीस पेट्या?”

“त्या नव्हत्याच कधी. प्रोग्रामनंच तयार केल्या.”

एकवीस वर्षांत माझ्या प्रोग्रामनं मनचा एक बेदाणासुद्धा तयार केला नव्हता. पोटच्या पोराला भर चौकात चोर म्हणावं तसं मला झालं.

“बघा! मी म्हणतच होतो,” संग्रामसिंह म्हणाला. “आबांना तुमचं फार कौतुक. सांगलीची बाई, सांगलीची बाई! शिकल्यासवरल्या माणसाकडून करून घ्यायला हवं होतं तेव्हाच. जाऊ दे. सोमवारपासून नवीन सॉफ्टवेअर. जोतीराम, तुला शिकवतील ते, काळजी करू नको.”

“ओके मॅम,” केतकीचा आवाज कोरडा झाला होता. “पुढच्या कामांचं… बघू आपण.”

“फोन ठिऊ नगं, पोरी,” जोतीराम म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले.

“मालक, बाई खोटं बोलत्यात.”

“जोतीभाऊ, बसा तुम्ही,” मी म्हणाले.

“जोती, गप की लेका!” फटीतून इलाही.

“तू गप. पाच दिस गपच बसलो न्हवं?” त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “बाई आल्या तवा वाटलं, प्रोग्रामवर ढकलू, त्येला काय हुतंय. त्या बी घिऊन जात्याल आंगावर. घेतलं की. पन ज्या बाईनं मला खुर्चीत बसवलं, तिला भायेर काडून मी खुर्चीत बसू व्हय?”

“काय बोलतोयस तू?” संग्रामसिंह उठला होता. “मग चुकतंय कोण?”

मी खिडकीजवळच उभी होते. जोतीरामनं खुर्ची सोडली. दोन पावलं पुढं आला, हात जोडले, आणि कपाटाला टेकलेल्या अश्विनीसमोर, तिच्या डोळ्यांतलं पाणी घळाघळा वाहत असताना, तो तिला म्हणाला,

“बाई, माफ करा. मला दिसत न्हाई.”